इव्हेंट इंटरफेस (व्हिडिओ गेम)

चालू व्हिडिओ गेममध्ये सण, ऋतू, वर्धापनदिन किंवा एखादा कथाविषय यांच्या निमित्ताने ठरावीक दिवसांपुरता जो उपक्रम भरवतात, त्याचे पडदे, बटणे, फलक, याद्या व मजकूर यांची मांडणी. मराठीत रूढ प्रतिशब्द नाही. खेळणारी मुले ‘इव्हेंट आलाय’, ‘इव्हेंट संपला’ असेच म्हणतात, म्हणून येथेही तोच शब्द ठेवला आहे.

स्वरूप : मूळ गेमचा सांगाडा न हलवता त्यावर थोड्या दिवसांचा साज चढवायचा, ही या कामाची मुख्य अट. मुख्य पडद्यावर एक छोटा फलक असतो. तो दाबला की इव्हेंटचे अंगण उघडते आणि त्यात रोजची कामे, बक्षिसांची वाट, दुकान व उरलेला वेळ दिसतो. आपण कुठवर आलो, पुढे काय करायचे, काय मिळणार आणि हे कधी संपणार, ही चार उत्तरे खेळाडूला न शोधता मिळावी लागतात. बटणाचा किमान आकार अँड्रॉइडच्या शिफारशीनुसार ४८ डीपी, तर ॲपलच्या शिफारशीनुसार ४४ पॉइंट. सणाच्या पडद्यावर हमखास चुकतो तो अक्षर व पार्श्वभूमी यांच्या रंगांतला फरक (कॉन्ट्रास्ट). झेंडूच्या केशरीवर सोनेरी अक्षरे कागदावरच्या पत्रिकेत शोभतात, पण उन्हात धरलेल्या मोबाइलवर वाचता येत नाहीत. वेब-सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत साध्या आकाराच्या मजकुरासाठी ४.५ : १ हे किमान कॉन्ट्रास्ट-गुणोत्तर सांगितले आहे, आणि गेमचे रचनाकारही तेच मोजमाप वापरतात.

ध्वनी : इव्हेंटच्या पडद्याला बहुधा स्वतंत्र पार्श्वसंगीत देतात.

इतिहास : ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये २००४ च्या पहिल्याच हिवाळ्यात नाताळसदृश उत्सव आला. ‘टीम फोर्ट्रेस २’चे हॅलोविन २००९ पासूनचे. ‘डोटा २’ने २०१३ मध्ये स्पर्धेनिमित्त काढलेल्या ‘कॉम्पेन्डियम’मधून बक्षिसांच्या वाटेची कल्पना पुढे आली, आणि ‘बॅटल पास’ या नावाने ती सर्वत्र पसरली. ‘पोकेमॉन गो’ने नोव्हेंबर २०२१ मध्ये दिवाळीच्या सुमारास ‘फेस्टिव्हल ऑफ लाइट्स’ हा इव्हेंट भरवला.

पूर्वरूप, मोक्षपट : कथाविषय आणि खेळाची वाट एकाच पृष्ठावर बसवण्याची कला आपल्याकडे जुनी आहे. सापशिडीचे मूळ असलेल्या मोक्षपटाचे जनकत्व महाराष्ट्रातील परंपरा ज्ञानदेवांकडे देते. त्याला समकालीन लेखी पुरावा नाही, आणि अभ्यासकांना उपलब्ध झालेले पट कित्येक शतकांनंतरचे आहेत. ज्ञानेश्वरी १२९० मध्ये आजच्या अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासे येथे प्रवरेकाठी सांगितली गेली. ज्ञानदेव ज्याला टेकून बसले असे मानतात तो ‘पैस’ खांब तेथील मंदिरात आहे. पटाचा नेवाशाशी थेट संबंध जोडता येत नाही. तो या जिल्ह्याच्या खात्यावर पडतो तो केवळ ज्ञानदेवांमुळे.

पटाची रचना इंटरफेस म्हणून पाहण्यासारखी आहे. घरे खालून वर चढतात, आणि तासाच्या टोकाला नांगराचे बैल वळावेत तशी प्रत्येक ओळ उलटी फिरते. त्यामुळे सोंगटी उचलून दुसऱ्या कडेला न्यावी लागत नाही. वाट सलग राहते. शिडी सद्गुणाची, साप दुर्गुणाचा. वैष्णव पटांत सर्वसाधारणपणे ७२, तर जैन पटांत ८४ घरे आढळतात. ७२ घरांच्या पटात वैकुंठ हे ६८ वे घर असते, शेवटचे नव्हे. दान जास्त पडले की खेळाडू मुक्कामाच्या पुढे निघून जातो आणि त्याला खाली येऊन पुन्हा चढावे लागते. मुक्काम वरच्या ओळीच्या मध्यावर ठेवल्याने डोळा आधी तिथेच जातो. आजच्या बक्षिसांच्या वाटेवर सर्वांत मोठे बक्षीस टोकाला ठेवतात, त्यापेक्षा ही मांडणी अधिक धूर्त म्हणावी लागेल.

महत्त्वाची बाब म्हणजे प्रत्येक घरात नाव लिहिलेले असे. सोंगटी थांबली की ते वाचायचे. विषय कळायचा तो वाचूनच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडमध्ये गेला, पुढे १९४३ मध्ये अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली कंपनीने सापांच्या जागी घसरगुंड्या घातल्या. आपल्याकडे छापील सापशिडीत घरांची नावे गळून १ ते १०० एवढे आकडे उरले. साज गेला, सांगाडा राहिला.

महाराष्ट्रातील निर्मिती : अहिल्यानगर जिल्ह्याच्या नैर्ऋत्येला लागून असलेले पुणे आणि मुंबई परिसर ही राज्यातील प्रमुख केंद्रे. नवी मुंबईच्या गेमेशनने २०१६ मध्ये आणलेल्या ‘लुडो किंग’मध्ये सापशिडीही आहे. त्यात पटाला निसर्ग, इजिप्त, डिस्को असे साज चढवता येतात आणि घरांची संख्या व चाल तशीच राहते. पुण्याच्या नॉडिंग हेड्सने ‘राजी’ (२०२०) या गेममध्ये पहाडी लघुचित्रांची शैली वापरली. पुण्याच्याच सुपरगेमिंगचा ‘इंडस’ (ऑक्टोबर २०२४) भारतीय भविष्यकल्पनेवर बेतलेला आहे.

लिपी व मजकूर : इव्हेंटचा मजकूर घाईत लिहिला जातो आणि पडदा तयार झाल्यावर भाषांतराला जातो. मराठीची बहुतेक दुखणी इथून सुरू होतात.

पहिले दुखणे उंचीचे. रोमन अक्षरे मोजून आखलेल्या पट्टीत ‘सर्वांसाठी’ लिहिले की रफार आणि अनुस्वार वरून कापले जातात. ‘पूर्ण’चा दीर्घ ऊकार खाली बटणाच्या कडेवर बसतो. अक्षर लहान करणे हा उपाय नव्हे, पट्टीच उंच हवी.

दुसरे जोडणीचे. युनिटी या इंजिनात फार वापरला जाणारा टेक्स्टमेशप्रो हा घटक देवनागरीची जोडणी स्वतः करत नाही. ‘पणत्या’ लिहिले तर ‘त’ पाय मोडून उभा राहतो आणि ‘या’ शेजारी सुटा पडतो. ‘किल्ला’मधील पहिली वेलांटी क च्या मागे न येता पुढे पडते. यावर तोडगे दोन प्रकारचे. मजकूर चित्र म्हणून टाकायचा, म्हणजे एक शब्द बदलायचा तरी चित्रकाराकडे जावे लागते. किंवा युनिकोडपूर्व काळातल्या फॉन्टांसारखे प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र खूण देऊन शब्द जुळवायचा. डीटीपीवाल्यांनी सोडून दिलेली ही पद्धत गेममध्ये पुन्हा भेटते. गोडो या मुक्त इंजिनाने २०२३ च्या चौथ्या आवृत्तीत हार्फबझ ही जोडणी करणारी संगणकीय लायब्ररी अंगभूत घेतली, तेव्हापासून तिथे हा प्रश्न राहिला नाही.

तिसरे वर्णाचे. ‘ॲप’मधला ॲ युनिकोडमध्ये २००८ साली आला, जुन्या फॉन्टात त्या जागी चौकोन दिसतो. ‘दुसऱ्या’ हा शब्द निष्काळजीपणे टंकला की रफार होऊन ‘दुसर्या’ बनतो. ल आणि श यांची मराठी वळणे शासनाने २००९ मध्ये प्रमाण ठरवली, तरी हिंदीसाठी निवडलेला फॉन्ट तसाच वापरला की पडद्यावर हिंदी वळणेच येतात. मुंबईच्या एकटाइपचे ‘बलू’ आणि ‘मुक्ता’ हे मुक्त परवान्याचे फॉन्ट अशा कामाला उपयोगी पडतात. ‘बलू’ची गुबगुबीत अक्षरे शीर्षकाला, ‘मुक्ता’ यादीला.

चौथे, आणि सर्वांत कमी ओळखले गेलेले, व्याकरणाचे. इंग्रजी साच्यात संख्या आणि वस्तू यांच्या रिकाम्या जागा ठेवून वाक्य जुळवतात. मराठीत ५ कंदील मिळाले, ५ पणत्या मिळाल्या, ५ नाणी मिळाली. क्रियापदाचे एकच रूप तिघांना चालत नाही. शब्दयोगी अव्यय चिकटवले तर ‘कंदीलसाठी’ होते, हवे असते ‘कंदिलासाठी’. म्हणून वाक्य टाळून ‘पणत्या : ५’ असे लिहिणे शहाणपणाचे. खेळाडूला अरे-तुरे करायचे तर ‘जिंकलास’ की ‘जिंकलीस’ हे ठरवावे लागते. ‘तुम्ही जिंकलात’ने ती अडचण सुटते, मात्र दहा वर्षांच्या मुलाला ते परके वाटते असे काहींचे मत आहे. बक्षीस घेण्याच्या बटणावर ‘दावा करा’ लिहिले की कोर्टाची पायरी आठवते. तिथे ‘घ्या’ पुरते, आणि जागाही वाचते.

साज : दिवाळीच्या इव्हेंटमध्ये पणती, रांगोळी, फटाके, कमळ ही चित्रे कोणत्याही प्रांताला चालतील अशी निवडतात. महाराष्ट्रातल्या मुलांची दिवाळी ज्या मातीच्या किल्ल्याभोवती असते तो क्वचित दिसतो. खरे तर तो तयार इंटरफेस आहे. रोज थोडे काम करायचे : चिखल कालवणे, तट उभारणे, हळीव पेरणे, ते उगवले की मावळे मांडणे. प्रगती आकड्याशिवाय कळते, आणि शेवटची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात असते.

कायदा : केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत फसव्या रचनांचे १३ प्रकार दिले असून ‘खोटी घाई’ त्यांपैकी एक. गेममधील उलटगणती त्यात कितपत बसते याबद्दल मतभेद आहेत.

जतन : इव्हेंट संपला की त्याचे पडदे सर्व्हरवरून उतरवतात. मागे राहतात ते खेळाडूंनी काढलेले स्क्रीनशॉट आणि व्हिडिओ.