अपघाताची नोंद आणि ड्रायव्हरची भाकरी

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' नावाचा एक रकाना असतो. त्यात बहुतेक सगळ्या मुलांच्या नावापुढे 'चांगली' असेच लिहिलेले आढळेल. सगळीच मुले गुणी असतात असे मुळीच नाही. पण शाळेतला वात्रटपणा मुलाच्या मागोमाग पुढच्या शाळेच्या दारापर्यंत जाऊ नये, असा एक न बोललेला संकेत आम्हा मास्तरांमध्ये असतो. ज्याला त्याला नव्याने सुरुवात करायची संधी मिळावी एवढाच त्यामागचा हेतू.

मोठ्या माणसांच्या जगात असा रकाना असतो का, आणि असला तर तो कोण भरतो, हा प्रश्न काही वर्षांपूर्वी माझ्यासमोर आला तो ट्रक ड्रायव्हरच्या निमित्ताने. माझा एक जुना विद्यार्थी ट्रक चालवतो. सात-आठ वर्षांत त्याच्या हातून तीन अपघात झाले. तिसऱ्यानंतर मालकाने गाडीवरून उतरवले. "सर, तीन अपघात झालेल्या माणसाला कोणी गाडी देईल का हो?" असे त्याने विचारले. कायदा काय म्हणतो ते बघून सांगतो म्हटले आणि वाचायला बसलो. इतिहासाच्या शिक्षकाला कुठलाही प्रश्न मुळापासून बघायची खोड असते, त्यामुळे सुरुवात इंग्रजांपासूनच केली.

आपल्याकडे मोटारींसाठी अखिल भारतीय कायदा आला तो १९१४ साली. पुढे १९३९ चा कायदा आला आणि त्यानंतर १९८८ चा, जो १ जुलै १९८९ पासून लागू झाला. अपघाताचा फौजदारी कायदा मात्र मोटारीपेक्षाही जुना आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याचे ३०४-अ हे कलम भारतीय दंड संहितेत १८७० साली घातले गेले, तेव्हा रस्त्यावर टांगे आणि बैलगाड्याच होत्या. त्यात कमाल शिक्षा दोन वर्षांची होती. मोटार आली, ट्रक आले, तरी दीडशे वर्षे त्याच कलमाने काम भागवले.

१९८८ च्या कायद्यात मला जे सापडले ते वाचून मी चकित झालो. न्यायालयाने ड्रायव्हरला अपात्र ठरवले किंवा शिक्षा केली तर त्याचा शेरा लायसन्सवर मारायचा, असे कलम २४ सांगते. नवे किंवा दुसरी प्रत म्हणून लायसन्स काढले तरी तो शेरा त्यावर उतरवायचा. म्हणजे वर्तणुकीचा रकाना आला. पण लगेच पुढच्या कलम २५ मध्ये म्हटले आहे की, शेऱ्यानंतर सलग तीन वर्षे दुसरा शेरा पडला नाही, तर जुने लायसन्स जमा करून आणि पाच रुपये फी भरून कोरे लायसन्स मिळण्याचा त्या माणसाला हक्क आहे. शेरा फक्त वेगमर्यादेचा असेल तर एकच वर्ष पुरे. लायसन्स बंद असल्याचा काळ मात्र त्यात धरायचा नाही.

पाच रुपये! कायदा करणाऱ्यांच्या मनात तो शाळेच्या दाखल्यासारखाच विचार असणार. चूक लक्षात ठेवायची, पण जन्मभर नाही. तीन वर्षे नीट गाडी चालवलीस तर पाटी पुसून देतो.

कायदा नुसता मवाळ होता असेही नाही. आधी धोकादायक वाहन चालवल्याबद्दल शिक्षा झालेल्या ड्रायव्हरवर पुन्हा तशाच प्रकारे कोणाचा मृत्यू किंवा गंभीर दुखापत घडवल्याचा गुन्हा नोंदला गेला, तर कलम २१ प्रमाणे त्याचे लायसन्स सहा महिन्यांसाठी निलंबित होते. निर्दोष सुटला तर तेवढ्यावर ते उठते. एकूण रचना विचारपूर्वक केलेली दिसते.

मग अडचण कुठे आहे? अडचण अशी की आपल्याकडे ड्रायव्हरला काम देताना हा कागद बघतो कोण? ट्रकवरची नोकरी अर्ज करून मिळत नाही. पोरगा आधी क्लीनर म्हणून गाडीवर चढतो, उस्तादाच्या शिव्या खातो, रात्री मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग हाती घेतो आणि मग कधीतरी कोणाच्या ओळखीने स्वतंत्र गाडीवर जातो. कळंबोलीला काय किंवा निगडीच्या ट्रान्सपोर्ट नगरीत काय, 'माणूस कोणाचा आहे' हे आधी विचारले जाते. सर्वोच्च न्यायालयानेही ही रीत एका अर्थाने ओळखली. २००३ च्या लेहरू खटल्यात न्यायालयाने म्हटले की मालकाने ड्रायव्हरचे लायसन्स बघावे आणि त्याला गाडी चालवून दाखवायला सांगावे. लायसन्स दिसायला खरे असेल, तर ते आरटीओकडे जाऊन पडताळून आणण्याची अपेक्षा मालकाकडून नाही. प्रश्न विम्याच्या भरपाईचा होता, पण त्यातून कामावर ठेवण्याची पद्धत स्पष्ट कळते. लायसन्स आहे ना आणि गाडी चालवता येते ना, एवढेच बघायचे. मागे काय घडले हे कुठे लिहिलेले नाही.

मग माझ्या विद्यार्थ्याला काम का मिळेना? कारण कागदावर नसलेली नोंद तोंडावर होती. त्याच्या तीन अपघातांपैकी एकात तो रस्त्याच्या कडेला पंक्चर काढत उभा असताना मागून दुसरी गाडी येऊन आदळली. दुसऱ्यात घाटात समोरून येणारा उलट्या बाजूला आला. तिसरा मात्र त्याचाच. सलग तिसरी रात्र, पहाटेची वेळ, डोळा लागला आणि गाडी दुभाजकावर गेली. माणसे वाचली, माल गेला. मालकांच्या गप्पांत मात्र 'तीन गाड्या ठोकल्या' एवढेच उरले. त्याहून वाईट म्हणजे 'पनवती आहे, त्याचा पायगुण बरा नाही' असे बोलले गेले. गाडीला लिंबू-मिरची बांधणाऱ्या धंद्यात हा शेरा फार जड असतो. आणि हा शेरा पाच रुपये भरून पुसता येत नाही. त्यावर अपील नाही, तीन वर्षांची मुदत नाही.

शेवटी त्याला काम मिळाले ते उसाच्या हंगामात, एका जुनाट गाडीवर, कमी भत्त्यावर आणि रात्रीच्या खेपांवर. म्हणजे ज्याला सावरायला वेळ हवा होता, त्याच्या हाती सगळ्यांत धोक्याची गाडी आणि सगळ्यांत धोक्याची वेळ आली. यात नुकसान एकट्या ड्रायव्हरचे नाही, त्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाचे आहे.

तेव्हा मनात आले की जिथे सगळे कागदावर असते तिथे बरे असेल. म्हणून अमेरिकेतली हकीकत वाचली. तिथेही सुरुवात आपल्यासारखीच ढिसाळ होती. मॅसॅच्युसेट्स आणि मिसूरी या राज्यांनी १९०३ मध्ये ड्रायव्हरला लायसन्स सक्तीचे केले, पण प्रत्येक राज्याची वही वेगळी. ट्रक ड्रायव्हर चार राज्यांची चार लायसन्स खिशात ठेवत. एकावर शेरे भरले की दुसरे पुढे करायचे. हा खेळ १९८६ च्या कायद्याने थांबवला. व्यावसायिक ड्रायव्हरला एकच लायसन्स, त्याची परीक्षा देशभर एका दर्जाची आणि राज्यांच्या नोंदी एकमेकांना जोडलेल्या, अशी व्यवस्था ठरली आणि १ एप्रिल १९९२ पासून ती सक्तीची झाली.

त्याच सुमारास वाहतूक कंपन्यांना माजी ड्रायव्हरांची माहिती एकमेकींना पुरवणारी खासगी सेवाही उभी राहिली. ड्रायव्हर लोक तिला 'डॅक रिपोर्ट' म्हणतात. आधीच्या कंपनीत किती काळ होता, अपघात किती, गाडी अर्ध्यात सोडून गेला का, हे सगळे नव्या कंपनीला कळते. २०१० पासून सरकारनेही आपली माहिती खुली केली. ड्रायव्हरच्या संमतीने कंपनीला त्याचे पाच वर्षांतले अपघात आणि तीन वर्षांतल्या तपासण्या बघता येतात.

इथेच मेख आहे. या सरकारी नोंदीत अपघात म्हणजे कोणी मेले, कोणाला दवाखान्यात न्यावे लागले किंवा गाडी ओढून न्यावी लागली, अशी घटना. चूक कोणाची होती याचा त्या व्याख्येत संबंध नाही. माझा विद्यार्थी तिकडे असता, तर पंक्चर काढताना मागून बसलेली धडकही त्याच्या नावावर पाच वर्षे दिसली असती. कंपनी घ्यायला तयार झाली, तरी तिची विमा कंपनी तयार हवी. तीन अपघात म्हटल्यावर मोठ्या कंपन्यांची दारे बंद होतात आणि माणूस छोट्या मालकांकडे, गावातल्या गावात माल पोचवण्याच्या कामाकडे वळतो. म्हणजे आपल्याकडे जे पनवती म्हणून होते, ते तिकडे संगणकावरून होते.

फरक एवढाच, आणि तो मला मोठा वाटतो, की तिथे भांडायला जागा आहे. अशा खासगी अहवालांसाठी १९७० चा कायदा आहे. त्याप्रमाणे आपल्याबद्दल काय लिहिले आहे ते माणसाला मागवून बघता येते आणि चुकीचे असेल तर आक्षेप घेता येतो. आक्षेप आल्यावर सर्वसाधारणपणे तीस दिवसांत पुन्हा तपासणी करावी लागते. २०१७ मध्ये सरकारने आणखी एक प्रयोग सुरू केला आणि २०२० मध्ये तो कायम केला. मागून धडक बसली, नियमाप्रमाणे उभ्या गाडीवर कोणी आदळले, अशा प्रकारच्या अपघातात ड्रायव्हरला किंवा कंपनीला पुरावा देऊन 'हा टाळता येण्याजोगा नव्हता' अशी नोंद करून घेता येते. अपघात पुसला जात नाही, पण त्याच्यापुढे खरे काय ते लिहिले जाते.

आता आपल्याकडेही कागद वाढत आहेत. लायसन्सचे पुस्तक जाऊन कार्ड आले. २०१९ च्या दुरुस्तीने लायसन्सच्या राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद केली आणि लायसन्स जप्त झालेल्यांसाठी उजळणी प्रशिक्षण आणले. २०२१ पासून अपघातांची माहिती पोलिसांनी जागेवरून संगणकात भरण्याची योजना सुरू झाली. पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली हा सरकारी आकडा पाहिला, की नोंद नको असे कोण म्हणेल? ज्या घरातला माणूस ट्रकखाली गेला, त्या घराला ड्रायव्हरच्या भाकरीची चिंता करायला सांगणे क्रूरपणाचे आहे, हे मी जाणतो.

न्यायालयाच्या मनातही ही ओढाताण दिसते. १९७९ मध्ये रतन सिंग खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी ट्रक ड्रायव्हरची शिक्षा कमी केली नाही. पण तुरुंगात असताना अशा माणसाला चांगले ड्रायव्हिंग आणि जबाबदारी शिकवावी, घर गरीब असेल तर अधूनमधून पॅरोलचा विचार व्हावा, असेही सुचवले. २००० साली दलबीर सिंग खटल्यात त्याच न्यायालयाने जरब बसली पाहिजे, अशा ड्रायव्हरांना प्रोबेशनची सवलत नको, असे म्हटले. पुढे नव्या न्याय संहितेत अपघातानंतर न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेचे कलम आले आणि जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत देशभर ट्रक थांबले. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते कलम बाजूला ठेवले गेले. ड्रायव्हरांचे म्हणणे होते, थांबलो तर लोक मारतात. हे मोटार कायद्यालाही ठाऊक आहे. जखमीला मदत करण्याचे कर्तव्य सांगणाऱ्या कलम १३४ मध्ये जमावाच्या संतापाचा अपवाद स्पष्ट लिहिलेला आहे.

हे सगळे वाचून मला वाटते ते असे. नोंद असावीच, कारण नोंद नसली की तिची जागा कुजबुज घेते. पण नोंदीत अपघातांची नुसती संख्या असू नये, दोष कोणाचा हेही असावे. ती ड्रायव्हरला स्वतःला बघता यावी, खोडून काढता यावी. आणि कलम २५ मधली ती तीन वर्षांची मुदत नव्या संगणकाला शिकवायला कोणी विसरू नये. संगणकाला विसरणे मुद्दाम शिकवावे लागते.

असो. वाचकांपैकी कोणाच्या घरी ट्रकचा धंदा असेल, तर एक विनंती. अपघात झालेला ड्रायव्हर काम मागायला आला, तर 'किती ठोकल्यास?' एवढेच विचारू नका. कधी झाले, चूक कोणाची होती आणि त्याआधी किती रात्री झोप नव्हती, हेही विचारा. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा आधीच्या मालकाकडे असते.