ट्रॉम्बेचा इंधनदंड आणि स्फटिकांची दिशा

१० जुलै १९६० ही तारीख इतिहासप्रेमींना ठाऊक असते : त्या दिवशी ट्रॉम्बेची ‘सायरस’ अणुभट्टी प्रथम चालू झाली. कॅनडाचे साहाय्य, अमेरिकेचे जड पाणी, हेही सांगितले जाते. तिच्या पहिल्या इंधनापैकी सुमारे निम्मे ट्रॉम्बेतच घडले, याची चर्चा मात्र क्वचितच होते. आजचा धागा त्या इंधनदंडांचा.

३० जानेवारी १९५९ रोजी ट्रॉम्बेत अणुभट्टीच्या प्रतीचे युरेनियम प्रथम तयार झाले. धातुविज्ञानाची धुरा डॉ. ब्रह्म प्रकाश यांच्याकडे होती. शुद्ध धातू हाती आला, आता त्याचे दंड करायचे. ओतीव ठोकळा तापवून रोलिंग मिलच्या रुळांमधून पुन्हा पुन्हा काढला की लांब दंड मिळतो. पेच येथेच होता.

धातू म्हणजे असंख्य बारीक स्फटिकांचा समुदाय. रुळांच्या दाबाखाली स्फटिकांतील थर एकमेकांवरून घसरतात. पत्त्यांचा कॅट कलावा तसा स्फटिक वळतो आणि हळूहळू बहुतेकांचे तोंड एकाच दिशेला होते. यालाच ‘टेक्श्चर’ म्हणतात. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूंत ते विशेष ठळक. त्याच्या षट्कोनी स्फटिकात सहज घसरणारे थर एकाच पातळीतले. रोलिंगनंतर ते पत्र्याला समांतर होतात, आणि असा पत्रा थंड असताना वाकवला तर सहज तडकतो.

युरेनियमचे दुखणे याहून गंभीर. अणुभट्टीत न्यूट्रॉनांचा मारा सुरू झाला की त्याचा स्फटिक एका अक्षावर लांबतो, दुसऱ्यावर आखडतो, तिसऱ्यावर जवळजवळ तसाच राहतो. स्फटिक दाही दिशांना विखुरलेले असतील तर ही ओढाताण बरीचशी आपापसांत जिरते. रोलिंगने मात्र पुष्कळ स्फटिकांचा नेमका लांबणारा अक्षच दंडाच्या लांबीकडे वळलेला असतो. असा दंड भट्टीत वाढत जातो, वाकतो. वरचे ॲल्युमिनियमचे आवरण फाटले, तर युरेनियमची गाठ थेट थंड करणाऱ्या पाण्याशी!

त्यावर योजलेला उपाय मला फार मोहक वाटतो. सुमारे ६६८ अंश सेल्सिअसच्या वर युरेनियमची स्फटिकरचनाच पालटते. ‘अल्फा’चे ‘बीटा’ होते. तेथून दंड झटकन थंड केला की अल्फा नव्याने जन्मतो, बारीक दाण्यांचा आणि कोणतीही ठरावीक दिशा नसलेला. रुळांनी लावलेली शिस्त पुसली जाते. (एरवी बेशिस्तीचे कौतुक कोण करतो?)

१९ फेब्रुवारी १९६० रोजी सायरसचे पहिले दहा इंधनदंड ट्रॉम्बेत तयार झाले. भट्टी ३१ डिसेंबर २०१० रोजी कायमची बंद झाली.