गोधडी : सावडीने शिवलेली ऊब

रब्बीची मळणी उरकल्यावर आणि मिरगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी शेतकरी कुटुंबातील स्त्रियांना जी थोडी उसंत मिळे, तोच गोधडी शिवण्याचा हंगाम. घोडनदीच्या काठी वसलेले शिरूर आणि त्याभोवतीचा तालुका हा पुणे जिल्ह्याचा पूर्वेकडील, कमी पावसाचा भाग. येथे कापड फाटले म्हणून टाकून देणे कोणालाच परवडत नसे. विरलेली लुगडी, धोतरे, पटके आणि चोळीचे उरलेले खण गाठोड्यात साठवले जात आणि उन्हाळ्यात त्यांचे पांघरूण होई. गोधडीलाच काही ठिकाणी वाकळ म्हणतात.

रचना आणि टाका

गोधडीचे तीन भाग असतात : खालचे अस्तर, मधली भर आणि वरचा थर. नऊवारी लुगडे म्हणजे सुमारे ८ मीटर कापड. त्याच्या घड्या घातल्या की अस्तर आणि भर यांची बरीचशी सोय होते. वर रंगीत तुकड्यांची जुळणी केली जाते. लुगड्याचे काठ अनेकदा कडेला येतात. हे सर्व थर साध्या धावदोऱ्याने एकत्र बांधले जातात. टाके जवळ पडल्याने आतले कापड सरकत नाही आणि थरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरून ठेवते. वापरून मऊ झालेले सुती कापड अंगाला टोचत नाही. म्हणूनच तान्ह्या बाळाच्या दुपट्यासाठी आजीचे जुने लुगडे निवडले जाते.

एकत्र बसण्याचे कारण

एवढे मोठे कापड एकटीने ताणून धरणे आणि शिवणे जिकिरीचे. त्यामुळे शेजारणी, जावा, नणंदा ओटीवर किंवा लिंबाच्या सावलीत गोधडीभोवती बसत. जाणती बाई थर मांडून सुरकुत्या काढी, चांगली नजर असलेल्या मुली सुईत दोरा ओवत आणि बाकीच्या आपापल्या बाजूने टाके घालत. आज एकीची गोधडी, उद्या दुसरीची. शेतीतील सावडीचाच हा न्याय. मजुरी द्यावी लागत नसे, मात्र श्रमांची फेड श्रमांनीच होई. नव्या सुनेला येथे टाका शिकता येई, तसेच सासरची माणसेही उमगत. हातात काम असल्यामुळे या बैठकीला कोणी रिकामटेकडेपणा म्हणत नसे. सुखदुःख मोकळेपणाने बोलण्याची ही मोजक्या जागांपैकी एक होती.

सर्वत्र तीच रीत

बंगालची कांथा, बिहारची सुजनी आणि उत्तर कर्नाटकातील सिद्दी समाजाची कवंद ही गोधडीचीच भावंडे. अमेरिकेतही शेजारणींनी एकत्र जमून रजई शिवण्याची जुनी परंपरा आहे. आता तेथील हौशी स्त्रिया शुल्क भरून काही दिवसांच्या शिवणशिबिरांना जातात. घरकामापासून दूर, समव्यसनी मैत्रिणींच्या संगतीत शिवण्याचा आनंद त्या विकत घेतात. अलाबामातील जीज बेंड या कृष्णवर्णीयांच्या खेड्यातील रजया २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडल्या गेल्या आणि त्या शिवणाऱ्या स्त्रियांची नावे जगाला कळली. महाराष्ट्रातील गोधड्यांवर गीता खंडेलवाल यांनी इंग्रजीत ग्रंथ लिहिला आहे.

बदललेला काळ

शिरूर परिसरात कालव्याचे पाणी आले, ऊस वाढला, रांजणगावला औद्योगिक वसाहत उभी राहिली. उन्हाळ्यातील मोकळी दुपार आक्रसली. कृत्रिम धाग्याची साडी टिकते. पण तिची गोधडी घाम शोषत नाही. तयार ब्लँकेट बाजारात सहज मिळते, आणि गोधडी हवीच असेल तर ती पैसे देऊन यंत्रावर शिवून घेता येते. घटस्थापनेपूर्वी घरातील अंथरुणे-पांघरुणे धुऊन काढण्याची रीत आहे. ओली गोधडी पिळण्याचे कष्ट ज्यांनी काढले, त्यांना हलके ब्लँकेट आवडले तर नवल नाही.

शहरात मात्र गोधडीला ‘हस्तकला’ म्हणून मागणी आहे. या व्यवसायातून ग्रामीण स्त्रीच्या हाती पैसा येतो, ही जमेची बाजू. पण घरोघरी स्वतंत्रपणे, नगावर दर ठरवून काम झाले, तर वस्तू टिकेल आणि बैठक मोडेल. गोधडी जपायची तर कापडाइतकेच दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे लागेल : शिवणारीचे नाव आणि चौघींना एकत्र बसता येईल अशी एक दुपार.