अमूळ्हविनय : अपराध, भ्रांत चित्त आणि संघाचा न्याय

अपराध घडतेवेळी ज्याचे चित्त ठिकाणावर नव्हते, त्यास दोषी धरावे काय, हा न्यायवैद्यक मनोविकारशास्त्राचा मूलभूत प्रश्न होय. त्याचा इतिहास सांगणारे बहुधा इंग्लंडपासून आरंभ करतात. १८४३ साली डॅनियल मॅक्नॉटन याने पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे चिटणीस एडवर्ड ड्रमंड यांची हत्या केली. भ्रमिष्ट म्हणून तो निर्दोष ठरला. त्यावर गदारोळ उठला आणि न्यायाधीशांनी उमरावांच्या सभागृहास दिलेल्या उत्तरांतून मॅक्नॉटन नियम सिद्ध झाले. भारतीय दंड संहितेच्या (१८६०) कलम ८४ मध्ये हेच तत्त्व आले. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये आहे.

हा इतिहास खोटा नाही, पण अपुरा आहे. ज्यांनी विनयपिटक अभ्यासले आहे त्यांना याच प्रश्नाचा किती सूक्ष्म विचार तेथे झाला आहे हे ठाऊक असते. पाराजिकेच्या पहिल्याच नियमाखाली कोणास आपत्ती लागत नाही याची गणना आहे. न जाणणारा, संमती नसलेला, उम्मत्तक म्हणजे वेडा झालेला, खित्तचित्त म्हणजे ज्याचे चित्त विक्षिप्त झाले आहे तो, आणि वेदनट्ट म्हणजे वेदनेने व्याकुळ झालेला, हे सर्व तीत आहेत. वेडाची कारणे सांगताना पुढील अट्ठकथा पित्तप्रकोपाबरोबर यक्षबाधाही सांगते. त्या काळाची ती समजूत आज आम्हांस स्वीकारता येत नाही. मूळ नियम मात्र कारणाच्या वादात शिरतच नाही. कृती करतेवेळी चित्ताची अवस्था काय होती, एवढेच तो पाहतो.

गग्ग भिक्खूचे प्रकरण या दृष्टीने विशेष मननीय आहे. महावग्गात तो वेडा झालेला आढळतो. त्यास उपोसथ कधी आठवे, कधी आठवत नसे. कधी तो येई, कधी येत नसे. संघाचे कार्य अडू लागले, तेव्हा भगवंतांनी उम्मत्तक-संमतीची अनुज्ञा दिली. गग्ग येवो वा न येवो, संघाने आपले कर्म करावे, असा तिचा आशय. येथे रोग्यास संघाबाहेर घालविलेले नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. चुल्लवग्गात तोच गग्ग बरा झालेला दिसतो. भ्रमाच्या काळात त्याच्या हातून श्रमणास न शोभणारी अनेक कृत्ये घडली होती. भिक्खू त्यांवरून त्यास दूषणे देऊ लागले. आपण तेव्हा भ्रमिष्ट होतो, काही आठवत नाही, असे त्याने वारंवार सांगूनही ते थांबेनात. तेव्हा तथागतांनी अमूळ्हविनयाची व्यवस्था केली. बरे झालेल्याने संघापुढे तीनदा याचना करावी आणि संघाने विधिपूर्वक त्यास दोषमुक्त करावे. सात अधिकरणशमथांपैकी हा एक होय.

ही सवलत सरसकट नव्हती. तीन प्रकारे दिलेला अमूळ्हविनय अधम्मिक सांगितला आहे: आठवत असून आठवत नाही म्हणणाऱ्यास, आठवत असून स्वप्नातल्यासारखे आठवते म्हणणाऱ्यास, आणि वेड नसता वेडाचे सोंग करणाऱ्यास. आजच्या न्यायालयात तज्ज्ञापुढे येणारा सोंगाचा प्रश्न येथे स्पष्टपणे उपस्थित झालेला आहे. आधुनिक कायदा बहुधा निर्दोष ठरवून थांबतो. विनय एक पाऊल पुढे जातो आणि बऱ्या झालेल्या माणसामागचा दोषारोपांचा ससेमिराही थांबवितो. आम्हांस हा भेद महत्त्वाचा वाटतो.

हिंसा ज्यांनी सोसली त्यांच्याविषयी विनय काय म्हणतो? सावत्थीत एका तरुणाने उप्पलवण्णा भिक्खुणीवर तिच्या कुटीत बलात्कार केला. तिने ते भिक्खुणींस सांगितले, भिक्खुणींनी भिक्खूंस व भिक्खूंनी भगवंतांस. संमती नव्हती, म्हणून तिला आपत्ती नाही, असा निर्णय झाला. पीडितेच्या माथी कलंक मारणाऱ्या आपल्या समाजास हा निर्णय आजही पचलेला नाही.

आघाताने मोडलेल्या मनाचे चित्र थेरीगाथेत आहे. पुत्रशोकाने वेडी झालेली वासेट्ठी केस मोकळे सोडून, विवस्त्र, उकिरड्यांवर तीन वर्षे भटकली. तथागतांच्या दर्शनाने ती भानावर आली. पटाचारेचा पती, दोन पुत्र, आईबाप व भाऊ एकापाठोपाठ एक गेल्याची कथा अट्ठकथेत येते. लोकांनी जिला वेडी म्हणून हुसकले, तिला भगवंतांनी जवळ येऊ दिले. अंगुत्तर निकायात विनयधर भिक्खुणींत अग्र म्हणून गौरव झाला तो याच पटाचारेचा. अट्ठकथेची परंपरा मान्य केली, तर जिचे चित्त एकदा हरवले होते तीच पुढे संघाच्या न्यायनियमांची श्रेष्ठ ज्ञाती ठरली, असा याचा अर्थ होतो.

आघातोत्तर मनोविकारास अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या अधिकृत वर्गीकरणात स्थान दिले ते १९८० साली. भयंकर प्रसंग सोसलेल्याची स्मृती पुष्कळदा तुटक असते. काही तपशील नको तितके आठवतात, काही हाती लागत नाहीत. साक्षीतील अशी प्रत्येक विसंगती खोटेपणा समजली गेली, तर अत्याचारपीडितास न्याय कसा मिळावा? अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात (१९८९) २०१५ च्या दुरुस्तीने पीडित व साक्षीदारांच्या हक्कांचे स्वतंत्र प्रकरण आले, त्यात पुनर्वसनाचाही अंतर्भाव आहे. कायद्याने दिलेला हक्क समाजाने सांभाळावा लागतो.

मन हे सर्वांचे केंद्र, हा बुद्धाच्या शिकवणीचा पहिला विशेष असल्याचे बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात प्रतिपादिले आहे. तेव्हा मनाची जखम हीदेखील धम्माच्या विचाराची बाब ठरते. आपल्या वस्तीत अत्याचार घडतो तेव्हा आपण पंचनामा, मोर्चा आणि खटला यांची चिंता करतो, आणि ती केलीच पाहिजे. पण त्या घरातील मुलगी झोपेतून किंचाळून उठते, तिला भगताकडे न नेता मनोविकारतज्ज्ञाकडे कोणी नेले काय, याचीही चौकशी विहाराने केली पाहिजे. गग्गाला संघाने टाकले नाही. आपणही आपल्या माणसांस टाकू नये.