शेतातली झाडं, घरचीच आरा मशीन आणि त्यातून बांधलेलं घर : बीडमध्ये हे जमतं का?

रील्स बघताना हा व्हिडिओ तुम्हाला एकदा तरी दिसलाच असेल. अमेरिकेतला एखादा माणूस. मागे जंगल, पुढे रुळांवर सरकणारी छोटी आरा मशीन. ओंडका ठेवला, पातं फिरलं, फळी निघाली. साठ सेकंदांत झाडाची फळी आणि फळीचं घर. खाली कमेंट असते, "आपल्या शेतात पण अशी मशीन पाहिजे राव."

पाटोद्यात, केजमध्ये किंवा गेवराईत बांधावर दहा-वीस बाभळी, दोन कडुलिंब आणि आजोबांनी लावलेला आंबा असेल, तर हा विचार डोक्यात येणं साहजिक आहे. घर बांधायचंय, गोठा करायचाय, लाकूड घरचंच आहे. मग दुसऱ्याच्या अड्ड्यावर कशाला जायचं? एक मशीनच घेऊन टाकू.

पण थांबा. भारतात आरा मशीन घेणं हे ट्रॅक्टर घेण्यासारखं नाही. पीठगिरणीसारखंही नाही. कारण या मशीनवर थेट सुप्रीम कोर्टाची नजर आहे, आणि तीही गेल्या तीस वर्षांपासून.

आधी हे मशीन काय आहे ते बघू

आपल्याकडच्या लाकडाच्या अड्ड्यावर मोठी उभी आरा मशीन असते. मोठ्या चाकांवर फिरणारं पट्टीसारखं पातं, आणि ओंडका त्याच्यासमोर ढकलायचा. व्हिडिओत दिसते ती याच्या उलट. ओंडका जागेवर राहतो आणि आडवं पातं त्याच्यावरून सरकतं. वूड-मायझर नावाच्या कंपनीने १९८२ मध्ये अमेरिकेतल्या इंडियानापोलिसमधून अशी मशीन विकायला सुरुवात केली आणि ओंडका गिरणीकडे नेण्याऐवजी गिरणीच ओंडक्याकडे न्यायची पद्धत जगभर पसरली.

हिचा खरा फायदा पात्याच्या जाडीत आहे. गोल पात्याची आरी एका कापात साधारण ५ ते ६ मिलिमीटर लाकडाचा भुसा करते. पातळ पट्टीचं पातं साधारण २ मिलिमीटर खातं. एका ओंडक्यावर दहा काप घेतले तर गोल पात्यात ५० ते ६० मिलिमीटर, म्हणजे दोन इंचांहून जास्त लाकूड भुशात जातं. पातळ पात्यात एक इंचसुद्धा जात नाही. त्या हिशोबाने ओंडक्यामागे एक फळी वाचते.

म्हणजे मशीन चांगलीच आहे. अडचण मशीनमध्ये नाहीये.

मग अडचण कुठे आहे?

त्यासाठी १९९५ मध्ये जावं लागेल. केरळच्या निलांबूर राजघराण्यातले टी. एन. गोदावर्मन तिरुमुलपाड यांनी निलगिरी भागातली जंगलतोड बघून सुप्रीम कोर्टात याचिका केली. याचिका क्रमांक २०२/१९९५. विषय एका भागातल्या जंगलाचा होता, पण कोर्टाने अख्ख्या देशाचा विषय हातात घेतला.

१२ डिसेंबर १९९६ ला आदेश आला. सरकारी कागदावर कोणत्याही प्रकारे जंगल म्हणून नोंद असलेल्या जमिनीला वन कायदा लागू, आणि तिथे केंद्राच्या परवानगीशिवाय चालणारी इतर कामं बंद. त्यात आरागिरण्याही आल्या. ईशान्य भारतातल्या काही भागांत तर गिरण्यांना टाळंच लागलं.

पुढे २००२ मध्ये कोर्टाने केंद्रीय अधिकार समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये सांगितलं की, या समितीच्या परवानगीशिवाय कोणत्याही राज्याने नवी आरागिरणी उघडू द्यायची नाही.

यामागचं कारण सोपं होतं. जंगलात प्रत्येक झाडापाशी गार्ड उभा करता येत नाही. पण चोरून तोडलेलं झाड कुठेतरी चिरावं लागतंच. गिरणी मोजकी आणि नोंदलेली असेल तर चोरीचं लाकूड पकडता येतं. गल्लोगल्ली गिरण्या झाल्या की साग कुठून आला हे कोणालाच सांगता येणार नाही.

२०१५ मध्ये कोर्टाने हा अधिकार राज्यस्तरीय समित्यांकडे दिला आणि ११ नोव्हेंबर २०१६ ला केंद्र सरकारने लाकूड-आधारित उद्योगांची मार्गदर्शक तत्त्वं काढली. आजचा कारभार त्यावर चालतो. त्यातल्या तीन गोष्टी लक्षात ठेवा.

१. गोल ओंडका चिरायचा असेल तर परवाना लागतो.
२. नवा परवाना देण्याआधी राज्यात तेवढं कायदेशीर लाकूड उपलब्ध आहे का, हे समिती तपासते. तुमची गरज किती खरी आहे एवढ्यावर निर्णय होत नाही.
३. अधिसूचित जंगल किंवा अभयारण्याच्या हद्दीपासून हवाई १० किलोमीटरच्या आत नव्या गिरणीला अटकाव आहे. औद्योगिक वसाहत, नगरपालिका हद्द असे काही अपवाद आहेत, पण शेतातल्या शेडचा त्यात नंबर लागत नाही.

बीडचं गणित वेगळं का आहे?

बीड जिल्ह्याचं क्षेत्रफळ साधारण १०,७०० चौरस किलोमीटर. त्यात जंगल दोन टक्क्यांच्या आसपास. "आमच्याकडे जंगलच नाही, मग जंगलाचा नियम कशाला?" असं कोणालाही वाटेल.

पण जे थोडं जंगल आहे ते एका जागी नाही. बालाघाटच्या डोंगररांगेत ते तुकड्यातुकड्यांत विखुरलेलं आहे. पाटोदा तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य आहे, साधारण ३० चौरस किलोमीटरचं. प्रत्येक तुकड्याभोवती १० किलोमीटरचं वर्तुळ काढलं की किती गावं आत येतात ते नकाशावर बघा.

दुसरी बाजू म्हणजे, जिथे झाडच कमी तिथे एकेका झाडाची किंमत जास्त. याच बीडजवळ पालवणच्या उजाड डोंगरावर सयाजी शिंदे यांच्या पुढाकाराने सह्याद्री देवराई उभी राहिली. तिथे फेब्रुवारी २०२० मध्ये वृक्ष संमेलन भरलं आणि त्याचं अध्यक्षपद वडाच्या झाडाला दिलं गेलं. ज्या जिल्ह्यात झाडं जगवण्यासाठी टँकरने पाणी घालावं लागतं, तिथे "आणखी एक आरागिरणी" या अर्जाकडे खातं कसं बघेल, हे वेगळं सांगायला नको.

झाड माझं, शेत माझं, मग परवानगी कशाला?

इथे दोन वेगळ्या परवानग्या आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. एक झाड तोडायची. दुसरी ते चिरायची.

तोडायच्या परवानगीसाठी महाराष्ट्र झाडे तोडणे (विनियमन) अधिनियम, १९६४ आहे. या कायद्याच्या यादीत सागवान, आंबा, चिंच, जांभूळ, मोह, खैर, चंदन अशी झाडं येतात. ही झाडं स्वतःच्या शेतात असली तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. म्हणजे आजोबांनी लावलेला आंबा तुमचाच, पण कुऱ्हाड लावायच्या आधी अर्ज लागतो.

मात्र हा कायदा नुसता अडवणारा नाही. झाड वाळलेलं, रोगट किंवा वाऱ्याने पडलेलं असेल, तर परवानगी नाकारू नये अशी तरतूद त्यातच आहे. बदल्यात नवीन झाड लावायची अट मात्र असते.

बाभूळ आणि कडुलिंब त्या यादीत नाहीत. पण लाकूड गाडीत भरून रस्त्यावर आणायच्या आधी वाहतूक पासचं वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या. डिसेंबर २०२३ पासून देशभरासाठी ऑनलाइन वाहतूक पासची यंत्रणा सुरू झाली आहे. जून २०२५ मध्ये केंद्राने शेतजमिनीवरील वृक्षतोडीसाठी आदर्श नियमही काढले. झाडांची पोर्टलवर नोंद करायची आणि परवानगी सोपी करायची, असा त्यांचा हेतू आहे. पण ते नमुना नियम आहेत, राज्याने स्वीकारल्यावरच लागू होतात.

एक काम आजच करून ठेवा. बांधावरच्या झाडांची सातबाऱ्यावर नोंद आहे का बघा. नसेल तर तलाठ्याकडून करून घ्या. उद्या झाड तुमचंच होतं हे दाखवायला हाच कागद कामाला येतो.

आता मुख्य प्रश्न : तुम्हाला लाकूड लागतं किती?

मराठवाड्यातलं जुनं माळवदाचं घर आठवा. लाकडी खांब, त्यावर तुळया, त्यावर किलच आणि वर पांढऱ्या मातीचा थर. घर किती मोठं हे खणांवर मोजायचे. तेव्हा घराला खरोखर गाडीभर लाकूड लागायचं. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने जड माती आणि दगडाच्या घरांची भीती शेजारच्या जिल्ह्यांतही बसली. आज घर म्हणजे स्लॅब. लाकूड उरलं ते चौकटी, दारं आणि गोठ्यापुरतं.

हिशोब करू. चौकटीला ४ बाय अडीच इंचाचं लाकूड धरा.

- ७ बाय ३ फुटांच्या दाराला १७ फूट लाकूड, म्हणजे साधारण १.२ घनफूट. पाच दारांना ६ घनफूट.
- ४ बाय ४ च्या खिडकीला मधली पट्टी धरून २० फूट, म्हणजे १.४ घनफूट. आठ खिडक्यांना ११ घनफूट.
- गोठ्याला ६ बाय ६ इंचाचे, १० फुटी आठ खांब. एकाला अडीच घनफूट, एकूण २० घनफूट.

बेरीज ३७ घनफूट.

आता ओंडका. अड्ड्यावर गोल लाकूड मोजायची रीत अशी : गोलाईचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, लांबीने गुणायचं आणि १४४ ने भागायचं. ४८ इंच गोलाईचा, १० फूट लांब ओंडका घेतला तर चौथा भाग १२, वर्ग १४४, म्हणजे बरोबर १० घनफूट. साल, भुसा आणि वाकडेपणा जाऊन त्यातून पाच-सहा घनफूट कामाचं लाकूड हाती येतं असं धरा.

म्हणजे घर आणि गोठा मिळून सात-आठ चांगले ओंडके. छोटी मशीन हे काम थोड्या दिवसांत संपवते. मग पुढची दहा वर्षं ती शेडमध्ये धूळ खात उभी. आणि मशीनचा खर्च निघावा म्हणून गावातल्या लोकांचं लाकूड चिरून द्यायला लागलात, की "घरगुती वापर" हा मुद्दाही संपला. तो उघड उघड धंदा झाला.

"पण माझी मशीन तर चाकावरची आहे"

विकणारे हा मुद्दा हमखास सांगतात. २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आरागिरणीची व्याख्या पक्क्या जागेतल्या यंत्राची आहे, त्यामुळे हलती मशीन त्यात येत नाही, असं म्हटलं जातं. या एका वाक्यावर लाखो रुपये लावू नका. वनाधिकारी शेतात आला तर त्याला चाकं नाही, तर चिरलेला ओंडका दिसणार. विनापरवाना आढळली तर मशीन आणि लाकूड दोन्ही जप्त होऊ शकतं. घ्यायचीच असेल तर आधी बीडच्या विभागीय वन कार्यालयात लेखी अर्ज द्या, मॉडेलची माहिती जोडा आणि लेखी उत्तर घ्या. डीलरचं तोंडी आश्वासन तिथे चालत नाही.

विजेचंही तसंच. शेतीपंपाच्या कनेक्शनवर आरा मशीन चालवणं हा वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरतो आणि त्याची वाढीव आकारणी होते.

मग करायचं काय?

पहिला मार्ग : झाड कायदेशीर तोडा, पास घ्या आणि ओंडके तालुक्याच्या परवानाधारक अड्ड्यावर न्या. मजुरी घनफुटावर द्या. चिरताना स्वतः उभे राहा आणि कोणत्या मापाचं लाकूड किती हवं याची यादी सुताराकडून आधीच लिहून घ्या. बांधावरच्या झाडात कुंपणाचे खिळे आणि तार रुतलेली असते, ते आधी सांगा. पातं तुटलं तर भुर्दंड तुमच्यावर येतो.

दुसरा मार्ग : जुन्या वाड्याचं सागवान. वाडे उतरवले जातात तेव्हा तुळया आणि खांब विकायला निघतात. हे लाकूड पन्नास-शंभर वर्षं वाळलेलं असतं, वाकत नाही. घेताना विक्रीची पावती मात्र नक्की घ्या.

तिसरा मार्ग : बांबू. २०१७ मध्ये वन कायद्यातल्या "झाड" या व्याख्येतून बांबू काढला गेला. त्यामुळे खासगी शेतातला बांबू तोडायला आणि न्यायला मोकळीक मिळाली. गोठ्याच्या छपरासाठी तो उत्तम.

चिरलं म्हणजे झालं, असं नाही

रीलमध्ये न दिसणारी गोष्ट म्हणजे वाळवण. ओल्या लाकडाची चौकट बसवली की पहिल्याच उन्हाळ्यात दार अडकतं किंवा फट पडते. एक इंच जाडीला साधारण एक वर्ष हा जुना ठोकताळा आहे. बीडच्या उन्हात लाकूड लवकर वाळतं, पण लवकर तडकतंही. म्हणून फळ्या सावलीत, मध्ये पट्ट्या ठेवून रचा आणि टोकांना रंग लावा.

बाभूळ कडक आणि टिकाऊ, खांबाला चांगली. कडुलिंबाला कीड कमी लागते, चौकटीला चालतो. आंब्याला भुंगा लवकर लागतो, तो आतल्या फर्निचरला ठेवा. निलगिरी वाळताना पिळते.

थोडक्यात सांगायचं तर, घरच्या झाडाच्या लाकडाचं घर बीडमध्ये आजही होतं. त्यासाठी मशीन विकत घ्यायची गरज नाही. सातबाऱ्यावर झाडाची नोंद, तोडायची परवानगी, परवान्याचा अड्डा, चांगला सुतार आणि वर्षभराचा धीर एवढं लागतं. आणि मशीनला लावणार होतात त्या पैशांतले थोडे बांधावर नवीन झाडं लावायला ठेवा. नातवाला घर बांधायचं असेल तेव्हा त्यालाही ओंडका लागणारच आहे.