कुत्र्यावरील गोचीड कोणता? न्यूझीलंडमधील ओळख आणि दक्षता

महाराष्ट्रात कुत्रा पाळणाऱ्यांना तपकिरी गोचीड चांगलाच परिचित असतो. कानात किंवा बोटांच्या बेचक्यात सापडला की तो काढून चिरडला जातो. न्यूझीलंडमध्ये मात्र हाच परिचित जीव सर्वाधिक चिंतेचा आहे. ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस ही त्याची जात या देशात स्थिरावलेली नाही. ती एर्लिकिया व बबेसिया यांसारख्या गोचीडतापाच्या जंतूंची वाहक आहे. ऑस्ट्रेलियात २०२० मध्ये एर्लिकिया कॅनिस हा जंतू स्थानिक कुत्र्यांत आढळल्यापासून हा धोका अधिक जवळ आला आहे.

स्थानिक गोचीड
न्यूझीलंडमधील कुत्र्यांवर बहुधा गुरांचा गोचीड, म्हणजेच हिमाफायसॅलिस लाँगिकॉर्निस, आढळतो. उत्तर बेटाच्या उबदार, दमट कुरणांत त्याचे प्रमाण अधिक असते. प्रौढ गोचीड प्रामुख्याने उन्हाळ्यात दिसतात. मादी नराविना प्रजनन करू शकते. २०१२ पासून गुरांत पसरलेल्या थायलेरियाचा प्रसार याच गोचिडामार्फत होतो.

ओळखीच्या खुणा
रंगावरून निदान करू नये. उपाशीपोटी दोन्ही जाती तांबूस तपकिरी दिसतात आणि रक्त पिऊन फुगल्यावर करड्या होतात. भिंगाखाली मुखभागाचा तळ पाहावा. तपकिरी गोचिडात तो षटकोनी असतो व पाठीच्या कवचाच्या कडांना डोळे असतात. गुरांच्या गोचिडात तळ आयताकार असून डोळे नसतात. अळीला सहा, तर पुढील अवस्थांना आठ पाय असतात. ऑस्ट्रेलियातील पक्षाघात घडवणाऱ्या गोचिडाचे पहिले व शेवटचे पाय गडद, तर मधले फिकट असतात.

भिंगाविनाही एक खूण उपयोगी पडते. तपकिरी गोचीड संपूर्ण जीवनचक्र घरातच पूर्ण करू शकतो. भिंतींवर चढतो, फटींत दडतो. गुरांच्या गोचिडाला ओलावा लागतो, त्यामुळे कोरड्या घरात तो तग धरत नाही. म्हणून भिंतीवर किंवा परदेशातून आलेल्या कुत्र्यावर गोचीड आढळल्यास संशय घ्यावा.

सापडल्यास काय करावे
बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावा. तेल, रॉकेल किंवा काडीचा चटका टाळावा. गोचीड चिरडू वा फेकू नये. झाकणबंद डबीत ठेवून पशुवैद्याला दाखवावा. परदेशी जातीचा संशय असल्यास प्राथमिक उद्योग मंत्रालयाच्या ०८०० ८० ९९ ६६ या क्रमांकावर कळवावे. अंतिम ओळख प्रयोगशाळेत होते आणि त्यासाठी नमुना शाबूत असावा लागतो.