पात्यावरची चीर

मोहन्यासारख्या कारखान्याच्या गावात एक नियम सर्वांना ठाऊक असतो : यंत्राचा आवाज बदलला की ते आधी बंद करायचे आणि मग कारण शोधायचे. मोहन्याचा रेयॉनचा कारखाना २००९ पासून बंद आहे, पण नियम अजून खरा आहे. जमिनीवर तो पाळणे सोपे. यंत्र शंभर फूट उंचीवर असेल आणि आपण त्यातच बसलेले असू, तर? विमानविद्येच्या इतिहासात हा प्रश्न फार लवकर उभा राहिला.

राइट बंधूंचे विमान हे घरी बांधलेलेच विमान होते. डेटन गावी सायकलींचे दुकान चालवणाऱ्या या दोघांनी पंखाही स्वतःच तासला. स्प्रूसच्या लाकडाचे थर एकावर एक चिकटवून त्यांनी साडेआठ फूट व्यासाचे दोन पंखे केले. पंख्याचे पाते म्हणजे फिरता पंखच, हा विचार त्यांचा. १९०३ च्या नोव्हेंबरात पंख्याच्या पोकळ पोलादी आसाला चीर गेली. ऑर्विल डेटनला परत गेला, भरीव पोलादाचे आस करून आणले, आणि १७ डिसेंबरला विमान उडाले. पहिल्या उड्डाणाआधीची मोठी अडचण पंख्याच्या आसाची होती, हे आपण सहसा विसरतो.

पाच वर्षांनी १७ सप्टेंबर १९०८ रोजी ऑर्विल अमेरिकी सैन्याला वॉशिंग्टनजवळ फोर्ट मायर येथे विमान दाखवत होता. शेजारी लेफ्टनंट थॉमस सेल्फ्रिज हा २६ वर्षांचा अधिकारी बसला होता. विमानाला नवे, अधिक लांब पंखे नुकतेच बसवले होते. मैदानाच्या फेऱ्या चालू असताना मागून हलकी टकटक ऐकू आली. ऑर्विलने वळून पाहिले, काही दिसेना. इंजिन बंद करून उतरायचे त्याने ठरवले, तेवढ्यात दोन मोठे दणके बसले आणि विमान ताब्यातून गेले. सेल्फ्रिज त्याच संध्याकाळी मरण पावला. इंजिनाच्या विमानाच्या अपघातातला तो पहिला बळी. ऑर्विलच्या मांडीचे हाड आणि बरगड्या मोडल्या.

रुग्णालयात पडल्या पडल्या त्याने मोडके तुकडे मागवून घेतले. उजव्या पंख्याचे एक पाते उभे चिरले होते. त्यामुळे ते हवेला नीट ढकलेना, दुसरे मात्र ढकलत राहिले. या असमान जोराने आसाचा आधार हादरला, पंखा आपल्या जागेवरून सरकला आणि मागच्या सुकाणूला ताणून धरणाऱ्या तारेवर आदळला. तार सुटली आणि सुकाणू निकामी झाले. म्हणजे पाते चिरल्याने विमान लगेच पडले नाही. एका चिरेपासून सुरू झालेली साखळी सुकाणूपर्यंत पोचली, तेव्हा पडले.

एवढ्याशा दोषाने एवढा अनर्थ का व्हावा? थोडे गणित करू. आजच्या एखाद्या लहान विमानाचा पंखा १८० सेंटिमीटर व्यासाचा आहे आणि मिनिटाला २४०० फेरे घेतो असे धरा. सेकंदाला ४० फेरे झाले. पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे २२६ मीटर भरतो. टोकावरचा १० ग्रॅमचा तुकडा जागेवर राहावा म्हणून त्याला सुमारे ५७० न्यूटन, म्हणजे ५८ किलो वजनाइतक्या बळाने आत ओढून धरावे लागते. गोफणीतल्या दगडासारखेच हे आहे. आता एका पात्याचा तेवढा तुकडा उडाला तर तोल बिघडतो आणि इंजिनाला सेकंदाला ४० वेळा तेवढाच हिसका बसू लागतो. टोकाचा मोठा भाग तुटला तर इंजिन आपल्या चौकटीतून उखडूही शकते. म्हणूनच असा हादरा जाणवताच वैमानिकाने इंजिन बंद करून विमान तरंगत खाली आणायचे असते.

तुकडा उडतो कसा? धावपट्टीवरचा खडा लागून ॲल्युमिनियमच्या पात्याला बारीक खाच पडते. खाचेच्या टोकाशी ताण एकवटतो, प्रत्येक कंपनाबरोबर चीर केसभर पुढे सरकते, आणि एके दिवशी पाते तुटते. धातूचा थकवा म्हणतात तो हाच. खाच वेळीच शोधून, नियमात बसेल तेवढीच कानशीने घासून गुळगुळीत केली तर धोका टळतो.

लाकडी पात्याची गोष्ट वेगळी. लाकूड कंपने शोषून घेते, पण हवेतली ओल पिऊन फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. आकसले की बोल्ट सैल पडतात. पावसाळ्यात कोकणात घट्ट बसवलेला लाकडी पंखा उन्हाळ्यात धुळ्याला नेला, तर बोल्ट पुन्हा तपासायलाच हवेत.

घरी विमान बांधणाऱ्यापुढे आणखी एक अडचण असते. कारखान्यातल्या विमानात इंजिन आणि पंखा यांची जोडी कंपनांच्या दृष्टीने तपासलेली असते. घरच्या कारागिराने इंजिन बदलले किंवा पाते थोडे कापले, तर जोडीच नवी होते. झोक्याला योग्य क्षणी ढकलत राहिले की तो उंच जातो, तसे इंजिनाचे धक्के पात्याच्या स्वाभाविक कंपनांशी जुळले की पाते वाढत्या जोराने थरथरते. वरून सारे ठीक दिसते, आत थकवा साठत असतो.

महाराष्ट्रात कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते मुंबईच्या प्रदर्शनात लोकांनी पाहिले. नोंदणी मिळाली २०१७ मध्ये, चाचणी-उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये. हा विलंब अनेकांना खटकला. कागदपत्रांतली दिरंगाई खटकावीच. पण विमान उभे राहणे आणि ते उडण्यास योग्य ठरणे या दोन गोष्टींतले अंतर सेल्फ्रिजच्या मृत्यूने दाखवून दिले आहे. ते कौतुकाने भरून निघत नाही, तपासणीनेच भरते.

राइट बंधूंनी ते भरले. १९०९ मध्ये ते फोर्ट मायरला परतले, जुलैत प्रवाशासह तासाहून अधिक काळ उडाले, आणि सैन्याने विमान विकत घेतले.

वर्गात बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या मोटरीला पुठ्ठ्याचा पंखा लावा आणि एका पात्याच्या टोकाला मेणाचा कण चिकटवा. पंख्यापासून चेहरे दूर ठेवून, डोळे मिटून मुलांना आवाज ऐकू द्या. कोणत्या पात्यावर मेण आहे हे त्यांना सांगता येणार नाही. काहीतरी बिघडले आहे हे मात्र प्रत्येक जण सांगेल. ऑर्विलला ऐकू आली होती ती टकटक अशीच.